वाकडा पाना

(मोटारदुरुस्तीची जुनी शेड. पाटी उतरवलेली, रॅक निम्मे रिकामे. मधोमध एक म्हातारी डिझेल गाडी, बॉनेट उघडं. बाप स्टुलावर बसला आहे. काचबिंदूमुळे त्याला आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. चाळिशीची लेक बॉनेटमध्ये वाकली आहे.)

बाप : काळी तार आधी म्हटलं होतं मी.

लेक : काळीच काढली.

बाप : मग लाल काढल्यासारखा आवाज कसा आला?

लेक : तारेच्या रंगाला आवाज असतो का बाबा?

बाप : चाळीस वर्षं या शेडमध्ये काढली की सगळ्याला आवाज असतो. बरं, बॅटरी सुटली ना? आता डिझेल आणि ब्रश घे. डिझेलचा पंप काढायचाय, त्याच्या आजूबाजूचं सगळं घासून काढ. नटाला हात नंतर. कणभर माती आत गेली तर पंप मेला म्हणून समज.

लेक : घासतेय.

बाप : डोळे असते तर मीच केलं असतं. तासाभरात पंप मांडीवर.

लेक : माहीत आहे.

बाप : कुणाला बोलावलंही असतं. पण हल्लीचे मेकॅनिक कॉम्प्युटर जोडल्याशिवाय बॉनेट उघडत नाहीत. या गाडीला कॉम्प्युटर कुठे जोडणार, कपाळाला? मग म्हटलं, तुलाच विचारावं. मला वाटलं होतं नाक मुरडशील. शिवणकाम करणारी बाई तू. हाताचं ग्रीस कापडाला लागलं तर पंचाईत.

लेक : मी शिवत नाही बाबा.

बाप : म्हणजे? कपड्यांच्या कारखान्यात आहेस ना?

लेक : आहे. पण मी मशिनी उघडते. साठ मशिनी आहेत. अडली की मला बोलावतात. बारा वर्षं झाली.

बाप : बारा वर्षं? मला कधी सांगितलं नाहीस.

लेक : सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बरं आहे, शिवणकाम बाईमाणसाला चांगलं.

बाप : असं म्हणालो?

लेक : दोनदा. मग मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. घासून झालं. पंप दिसायला लागला.

बाप : आता बावीसचा पाना. खालच्या पुलीच्या मधल्या नटावर लाव आणि इंजिन हाताने फिरव. खूण खुणेला आली की थांब... काय ग, लागलं का?

लेक : नाही.

बाप : फुंकर मारल्यासारखं ऐकू आलं.

लेक : सवय आहे. पाना गार असतो.

बाप : सांभाळून. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरव. खूण पुढे गेली तर—

लेक : तर मागे आणायची नाही. परत पुढून दोन फेरे मारून आणायची.

बाप : हे तुला कुणी सांगितलं?

लेक : तुम्हीच. म्हणजे मला नाही, धाकट्याला सांगत होतात. मी मागच्या खिडकीत भांडी घासत होते.

बाप : भांडी घासता घासता एवढं लक्षात राहिलं?

लेक : त्याला तुम्ही तीनदा सांगितलंत. मला एकदाच ऐकून पुरलं. आली खूण.

बाप : बरोबर समोरासमोर?

लेक : नखभरही फरक नाही.

बाप : आता नोझलकडे जाणारे चार पाइप. पंपाच्या बाजूला एक पाना धरून ठेव, दुसऱ्याने नट सोड. जोर लावू नकोस. सुटायचा असेल तर सुटतो, नसेल तर आधी समजूत काढायची. माणसाचं आणि नटाचं एकच असतं.

लेक : माणसांची समजूत काढताना कधी पाहिलं नाही तुम्हाला.

बाप : ते राहिलंच. पाइप काढलेस की सगळी तोंडं लगेच बंद कर. रॅकवर खालच्या फळीवर पत्र्याचा डबा असेल, त्यात टोपणं आहेत. फडकं कोंबू नकोस, धागे आत जातात.

लेक : ही टोपणं?

बाप : बसतात बघ अगदी मापात. बाजारातून आणली असती तर इतकी नेमकी मिळाली नसती.

लेक : ही धाकट्याच्या पेनांची आहेत. नकाशाच्या. निळं नदीला, तपकिरी डोंगराला.

बाप : पेनं वाळून गेली होती.

लेक : टोपणं काढून घेतल्यावर वाळली बाबा.

बाप : असेल. तेव्हा कुणाला कळतंय. शाळा सुटली होती, पेनांचा काय उपयोग, असं वाटलं. लावलीस का?

लेक : लावली. चार निळी, चार तपकिरी.

बाप : काल त्याला फोन केला मी.

लेक : धाकट्याला? तुम्ही?

बाप : शेजारणीकडून लावून घेतला. नऊ वर्षांनी. म्हटलं, गाडी भंगारात चाललीय, पण तुझा पंप काढून ठेवतोय, येऊन घेऊन जा.

लेक : काय म्हणाला?

बाप : म्हणाला, बघतो. आवाज जाड झालाय त्याचा. अजून त्या दुकानातच आहे म्हणे.

लेक : हो. लोकांच्या घरांचे नकाशे छापून देतो. मोठ्या कागदावर.

बाप : नकाशेच शेवटी. म्हणूनच म्हटलं, गाडी जाऊ दे, तिच्यात जीव राहिला नाही. पण पंप अजून सोन्यासारखा आहे. तो त्याच्या हातात ठेवायचा आणि सांगायचं, बघ बाबा, सोळाव्या वर्षी तू जे केलंस ते बावीस वर्षं कुणाला हलवावं लागलं नाही. मीही हलवलं नाही. एवढं ऐकलं की तो आतून सैल होईल. मला माहीत आहे, माझाच मुलगा आहे.

लेक : बाबा, त्याला तो पंप नको असेल तर?

बाप : का नको असेल? त्याच्या हातचं काम आहे.

लेक : काम कधीतरी नकोसंही होतं.

बाप : तू मधे बोलू नकोस. तुला त्यातलं काय कळतं... म्हणजे तसं नव्हे. रागावू नकोस.

लेक : रागावले नाही. एक्सलरेटरची तार काढली, इंजिन बंद करायची वायर काढली. डिझेलचे दोन्ही पाइप सोडते आता.

भंगारवाला : आजोबा, आहे का कुणी? ट्रक आणलाय.

बाप : तू चारला येणार होतास.

भंगारवाला : चारला म्हणालो की लोक सहाला तयार होतात. म्हणून तीनलाच येतो. हा धंद्यातला अनुभव हो. ओहो, ताई काम करतायत? मला वाटलं मेकॅनिक असेल.

लेक : थोडा वेळ लागेल.

भंगारवाला : पंप काढताय? मग गाडी सुरू कशी होणार?

बाप : ती तशीही सुरू होत नाही. तळ सडलाय. ढकलूनच न्यायचीय ना तुला?

भंगारवाला : साखळीने ओढतो. पण आजोबा, या गाडीचं नाव ऐकलंय मी. माझे वडील सांगायचे, उस्तादांची गाडी सुरू असली तरी बॉनेटवर नाणं उभं राहायचं.

बाप : राहायचं. पण आधी नव्हतं तसं. आधी सकाळी सुरू केली की पांढरा धूर ओकायची आणि चढावर दम टाकायची. लोक हसायचे. दिव्याखाली अंधार म्हणायचे, स्वतःची गाडी धड नाही आणि आमच्या काय दुरुस्त करणार. दोन महिने मी तिच्याशी झगडलो. मग एकदा परगावी एक ट्रक बंद पडला, मला दोन दिवस जावं लागलं. आणि परत आलो तर—

लेक : बाबा, त्यांना घाई असेल.

भंगारवाला : नाही हो, सांगू द्या.

बाप : परत आलो आणि चावी फिरवली. गाडी लोण्यासारखी. ना धूर, ना खडखड. मी विचारलं, कुणी हात लावला? तर हिचा धाकटा भाऊ दारात उभा, मान खाली. तू केलंस? तर म्हणतो, पंप जरासा कलवला. आता यातली मेख ऐक. पंपाचे चार नट. तीन कुणीही सोडेल. चौथा इंजिन आणि पंप यांच्या मधे, तळाशी. तिथेच घोडं पेंड खातं. सरळ पाना तिथे फिरतच नाही. त्यासाठी मी स्वतः एक पाना भट्टीत तापवून वाकडा केलेला. हा बघ, आत्ताही माझ्या मांडीवर आहे. हा पाना तेव्हा माझ्याबरोबर परगावी होता, पिशवीत.

भंगारवाला : मग मुलाने नट काढला कसा?

बाप : तेच तर. मी विचारलं, कसा काढलास? तर म्हणाला, निघाला. चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली कितीजण येऊन गेले, सरळ पान्याने तो नट कुणाला निघाला नाही. मलाही नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, या पोराच्या हाताला यश आहे. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद, पोरगा शेडमध्ये.

भंगारवाला : आणि आता तो चालवतो का गॅरेज?

लेक : गॅरेज बंद आहे, दिसत नाही का? समोर जाऊन बसा जरा. झालं की हाक मारते.

भंगारवाला : बसतो बसतो. ट्रकमध्येच पडतो जरा.

बाप : त्याच्यावर का डाफरलीस?

लेक : पट्ट्यावरचं झाकण काढतेय. अंगावर पडेल, पाय मागे घ्या.

बाप : घेतले. पंपाच्या चाकाला दोन भोकं आहेत, त्यांत बोल्ट घालून चाक अडकवून ठेव. मग मधला नट सोड आणि चाक ओढणारा पुलर लाव. ठोकू नकोस. पुलर घट्ट करत जा, चाक आपणहून सुटेल. आत एक चावी असते, अर्ध्या चंद्रासारखी. ती पडली तर गेलीच.

लेक : हाताखाली फडकं धरलंय.

बाप : शहाणी आहेस. धाकट्याने दोनदा पाडली होती ती. दुसऱ्या खेपेला मी गिऱ्हाइकांसमोर बोललो त्याला.

लेक : काय बोललात ते आठवतं?

बाप : आठवतं. म्हटलं, तुझ्या हाताला झालंय काय? सोळाव्या वर्षी वाकड्या पान्याशिवाय नट काढणारा पोरगा तू, आणि आता साधी चावी सांभाळता येत नाही. नऊ वर्षं झाली. तो पाना खाली ठेवून गेला. फेकला नाही, फडक्याने पुसून ठेवला आणि गेला. फेकला असता तर बरं वाटलं असतं.

लेक : ते वाक्य तुम्ही त्याला किती वेळा ऐकवलंत, मोजलंय का कधी?

बाप : कौतुकच होतं ते.

लेक : तेरा वर्षं रोज. नट अडला की तेच, कुठे चुकला की तेच. चाक सुटलं बाबा. चावी हातात आहे.

बाप : दे इकडे. हां. अजून धार आहे हिला. आता मागच्या आधाराचा बोल्ट काढ, आणि मग ते चार नट. पण सोडायच्या आधी पंपाच्या कडेला बघ. दोन रेषा आहेत?

लेक : आहेत. एक जाड. तिच्या शेजारी एक बारीक.

बाप : जाड माझी, छिन्नीने मारलेली. बारीक त्याची. त्या दोघींमधलं अंतर म्हणजे माझी चूक. केसाएवढी, पण चूकच. कानाने टायमिंग लावायचो मी, मापाचं घड्याळ लावत नव्हतो. माझ्या कानाला कोण चुकीचं म्हणणार. नट पत्र्याच्या डब्यात टाक एकेक, म्हणजे मला कळेल.

लेक : टाकते.

बाप : एक... वरचा होता ना? घट्ट असतो तो... दोन. घाई नको. बाहेर ऊन उतरलं वाटतं, पायांना गार लागायला लागलं... तीन. आता चौथा. थांब, हा घे.

लेक : झालं बाबा.

बाप : काय झालं?

लेक : चौथाही टाकला. पंप मोकळा झाला. बाहेर ओढते, जरा जड आहे.

बाप : चौथा पडला ते ऐकलं मी. पण वाकडा पाना तर माझ्या मांडीवर आहे. अजून इथेच आहे. मी हात ठेवून बसलोय त्याच्यावर.

लेक : हो.

बाप : सरळ पान्याने काढलास?

लेक : निघाला.

बाप : असं म्हणू नकोस. हेच म्हणाला होता तो. कसा निघाला ते सांग.

लेक : पाइपांच्या खालून हात घालायचा. डावा. मनगट आतून वळवलं की सरळ पाना बरोबर बसतो. उजव्या हाताने तिथे वळत नाही.

बाप : डावा.

लेक : मी डावखुरी आहे बाबा. लहानपणी तुम्हीच पट्टीने मारून उजव्या हाताने लिहायला लावलंत. लिहिते उजव्याने. बाकी सगळं डाव्यानेच.

बाप : धाकटा डावखुरा नाही.

लेक : नाही. पंप तुमच्या पायांशी ठेवलाय. डिझेल गळतंय थोडं, पाय लावू नका.

बाप : तू होतीस.

लेक : आज सांगायचं नाही असं ठरवून आले होते. पण हाताला सवय लागलेली. वाकडा पाना मागायचा असतो हेच विसरले.

बाप : अठरा वर्षांची होतीस तू तेव्हा.

लेक : दोन महिने मी रोज सकाळी तो धूर बघत होते. लोक हसायचे ते खिडकीत ऐकू यायचं. तुम्ही जेवायचा नाहीत धड. मला वाटलं, पंप उशिरा डिझेल सोडतोय, थोडा कलवला तर जमेल. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, जा, भांडी घास.

बाप : म्हणालो असतो.

लेक : तुम्ही गेलात त्या दुपारी आई झोपली होती. धाकट्याने दिवा धरला, मी नट सैल केले. तीनदा कलवून बघितला. तिसऱ्या खेपेला धूर थांबला.

बाप : आणि मी आल्यावर तो दारात उभा राहिला.

लेक : तो मला हाक मारायलाच आत वळत होता. तेवढ्यात तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. त्याआधी कधी ठेवला होतात?

बाप : नसेल ठेवला.

लेक : तुम्ही म्हणालात, शाब्बास. मी त्याचं तोंड बघितलं बाबा. सोळा वर्षांचा मुलगा, पण चार वर्षांच्या पोरासारखं झालं होतं. मग मी गप्प बसले. म्हटलं, दोन दिवस खुश राहू दे, मग सांगू.

बाप : दुसऱ्या दिवशी मी त्याची शाळा बंद केली.

लेक : हो.

बाप : तेव्हा तरी सांगायचंस.

लेक : तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही त्याला खोटारडा म्हणून मारलं असतं. आणि मला शेडमध्ये घेतलं असतं का? नसतं घेतलं. मग कुणाचंच भलं झालं नसतं, असं वाटलं मला. अठराव्या वर्षी तेवढंच कळतं. आता वाटतं, मार खाल्ला असता तरी चाललं असतं. त्याचे नकाशे वाचले असते. हे माझ्या मनातून एक दिवसही जात नाही.

बाप : तुझ्या आईला माहीत होतं?

लेक : तिने माझी नखं रॉकेलने घासून दिली. म्हणाली, झालं ते झालं, आता दोघांनी तोंड मिटून राहा, घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकलंय मी.

बाप : म्हणजे घरात मी एकटाच होतो, ज्याला काही माहीत नव्हतं.

भंगारवाला : ताई, आवाज थांबला म्हणून आलो. निघाला का पंप? वा. लावू साखळी?

लेक : लावा.

भंगारवाला : आजोबा, शेवटचा हात फिरवायचा असेल तर फिरवा. पुष्कळ लोक फिरवतात. काहीजण तर फोटो काढतात.

बाप : घेऊन जा.

भंगारवाला : एवढ्या नावाची गाडी, काही बोलणार नाही?

बाप : माझं नाव नव्हतं ते. घेऊन जा बाबा तू.

लेक : स्टूल जरा मागे घ्या. चाकं जवळून जातील. हं, गेली.

बाप : शेड मोठी झाल्यासारखी वाटते. आवाज घुमतोय.

लेक : मोठीच आहे.

बाप : पंप माझ्याकडे दे. मांडीवर. फडकं नको, कपडे जुनेच आहेत. रेषा कुठे आहेत?

लेक : इथे. बोट द्या. ही जाड.

बाप : ही माझी. कशी वेडीवाकडी आहे, तेव्हा ठसठशीत वाटली होती. आणि ही... ही तू मारलीस?

लेक : नाही. ती त्याचीच.

बाप : म्हणजे?

लेक : मी म्हटलं, नवी खूण करायला हवी, नाहीतर उद्या कुणी पंप काढला तर जागा सापडायची नाही. मी छिन्नी घेतली तर म्हणाला, थांब ताई, घाण होईल. धावत जाऊन दप्तरातून कंपास आणला. कंपासच्या टोकाने ओढली. श्वास धरून, एकदाच. मला इतकी सरळ रेघ आयुष्यात आली नसती.

बाप : नखाला लागतेय. कुठेही हलली नाही.

लेक : नकाशावालाच तो.

बाप : बावीस वर्षं ही रेघ माझ्यासमोर होती. मी तिच्यात नट काढणारा मेकॅनिक बघत राहिलो. ज्याची रेघ होती त्याला दुसराच समजलो, आणि जिचे नट होते तिला... आत्ता तुला म्हणालो मी, तुला त्यातलं काय कळतं.

लेक : जाऊ द्या.

बाप : जाऊ कुठे देऊ? जायला जागा कुठे आहे त्याला. चुकलो मी पोरी. तुझ्याशीही चुकलो आणि त्याच्याशीही. हे सुधारायला कुठला पाना आणू? त्याला फोन लाव.

लेक : आत्ता? काय बोलणार?

बाप : लाव तू.

लेक : वाजतोय. घ्या.

बाप : मी बोलतोय... हो, पंप निघाला... नाही, तिनेच काढला. डाव्या हाताने... ऐकतोयस का? ... हो. कळलं मला. सगळं कळलं... नाही रे, रागावलो नाही. माझं ऐक आधी. रेघ तुझी आहे ना? ... कंपासची... आत्ता नखाने बघितली. चांगली आहे. फार चांगली आहे रेघ... तेव्हा बघायला हवी होती मी... हं... हं... नको, पंप न्यायला नको येऊस. तो तिचा आहे, तिच्याकडे राहील. तू नुसताच ये. जमेल तेव्हा... नाही जमलं तरी चालेल, मी काही म्हणणार नाही... काय? ... विचारतो... बरं. ठेव आता.

लेक : येतो म्हणाला?

बाप : बघतो म्हणाला. काल म्हणाला होता तसंच. पण आज म्हणताना थांबला जरा.

लेक : विचारतो असं काय म्हणालात?

बाप : त्याने विचारलं, ताई अजून पान्याला हात लावायच्या आधी बोटांवर फुंकर मारते का.

लेक : अजून आठवतं त्याला?

बाप : लहानपणापासून मारतेस?

लेक : सहा-सात वर्षांची असल्यापासून. तुम्ही जेवायला गेलात की इथे येऊन पाने उचलून बघायची मी. तुम्ही परत यायचात तेव्हा पुष्कळदा पाना माझ्या हातातच असायचा.

बाप : आज मी पहिल्यांदा ऐकली ती फुंकर.

लेक : दिसत नाही तुम्हाला आता, म्हणून कान जास्त लागतो.

बाप : पण तेव्हा तर डोळे चांगले होते माझे.